दोन डाव्या बाह्या

मंगळवार, ४ मार्च

माझ्या टिटवीला,

आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझी मावशी त्यांच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. पोस्टमनबाई जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, आजी, आजकाल वीजबिलाशिवाय कुणाला काही येत नाही, तुम्हाला हाताने लिहिलेलं पाकीट आलंय. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पाकीट दोन्ही बाजूंनी दाखवलं. म्हटलं, माझी नात, बंदरावरची मोठी क्रेन चालवते, तिला माझा सल्ला हवाय. सल्ला कशाबद्दल ते नाही सांगितलं. माझ्या तोंडाला झाकण नाही असं मावशी म्हणते, पण कुठलं झाकण कधी लावायचं एवढं मला कळतं.

तू फोन न करता पत्र लिहिलंस ते फार शहाणपणाचं केलंस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मावशी ऐकते. पत्र कसं, माझं एकटीचं. मी तिसरीत शाळा सोडली ते तुला माहीतच आहे. पुढचं लिहायला तूच शिकवलंस, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत. तू सात वर्षांची होतीस आणि मला ‘खांदा’ लिहिताना टिंब विसरलं म्हणून ओरडायचीस. आता तुझी लेक तुझ्यावर ओरडत असेल. फेडायचंच असतं इथे.

तर तुझं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. मला समजलं ते असं, चुकलं तर सांग. छातीतली गाठ काढून झाली, सलाइनची औषधं झाली, शेक झाले. आता ती परत डोकं वर काढू नये म्हणून अंगातलं ते हार्मोन बंद ठेवायचं, कारण त्याच्यावरच ती पोसली होती. रोजची गोळी तर दोन्हीकडे आहेच. पण ते हार्मोन तयार करणारी पोटातली दोन अंडाशयं, त्यांचं काय करायचं, तिथे वाट फुटते. एक, दर अठ्ठावीस दिवसांनी पोटावर इंजेक्शन घेऊन त्यांना झोपवून ठेवायचं, काही वर्षं. दोन, ऑपरेशन करून ती काढूनच टाकायची. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा, वीस तारखेला येऊन सांगा. आणखी मूल नको, तेवढं तुझं पक्कं आहे. म्हणजे प्रश्न अंगाचा आणि कामाचा.

सुईचं कौतुक हे की नाही सोसली तर थांबवता येते. पण दर अठ्ठावीस दिवसांनी कामाची पाळी बदलून मागायची, आणि तुमचा तो मुकादम रजा म्हटलं की त्याची किडनी मागितल्यासारखं तोंड करतो. ऑपरेशनचं कौतुक हे की एकदा झालं की मिटलं. वाईट हे की मिटलं ते मिटलंच.

बघ, किती नीट समजलंय मला. तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, हिला शाळेत ठेवली असती तर हिने मास्तरांनाच बसवून ठेवलं असतं. बिचारे स्टुलावर चढले तरी त्यांना गरगरायचं आणि त्यांची नात ढगात बसून डबे उचलते. मी सगळ्यांना सांगते, आमची टिटवी उंटावरून शेळ्या हाकते आणि त्याचा पगार घेते.

तुझे चार प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर, हो, मावशी तुला ‘एकदाचं काढून टाक’ म्हणते ते मायेपोटीच म्हणते. दुसऱ्याचं, नाही, तुझी आई रागावलेली नाही, घाबरली की ती गप्प होते, लग्नाआधीपासून तशीच आहे. चौथ्याचं, हो, ऑपरेशन ठरलं तर मी येईन, मला आणायला कुणीतरी पाठव, मी माझी उशी घेऊन येईन.

तिसरा प्रश्न तू विचारलास की माझ्या ऑपरेशननंतर मला खरंच काही त्रास झाला नव्हता का. आता हे बघ, मी एकेचाळीस वर्षांची होते, माझ्या पोटात गाठी होत्या, मला काही निवड नव्हतीच, सगळं काढलं. आणि आठव्या दिवशी मी शिवणाच्या मशीनवर बसले. हे खरं आहे. अख्खी गल्ली साक्षीला होती.

खिडकीतल्या कुंडीला कळ्या आल्यात. मावशीने चष्मा हरवलाय, तिच्याच डोक्यावर आहे, मी अजून सांगितलेलं नाही.

वीस तारखेच्या आत परत लिही.

तुझी,
आजी


सोमवार, १० मार्च

टिटवे,

हे पत्र तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. आशीर्वाद वर लिहायचे राहिले, ते इथे घे.

काल मावशी फोनवर तुझ्याशी बोलत होती. मी काही कान देऊन ऐकत नव्हते, पण मला न ऐकू येण्याचे जसे दिवस असतात तसे ऐकू येण्याचेही असतात. ती म्हणाली, अगं आईचं बघ, आठव्या दिवशी मशीनवर, आणि तिच्या वेळी तर पोट उभं चिरायचे, तुझी तर दुर्बिणीची तीन भोकं. मग फोन ठेवून मला म्हणाली, ठरलं तिचं, ऑपरेशन करणार, आणि मुकादमाला सांगून मोकळी झाली, पंधराव्या दिवशी क्रेनवर परत येते म्हणून. म्हणाली, तुझ्यावर गेलीय पोरगी.

मी जेवता जेवता थांबले. मावशी म्हणाली, मीठ जास्त झालं का. मी म्हटलं, हो. मीठ बरोबर होतं.

टिटवे, आठव्या दिवशी मी मशीनवर बसले हे खरं आहे. दहाव्या दिवशी काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आजोबांनाही अर्धंच.

त्या वेळी शाळेच्या मोठ्या बाईंचा कोट शिवायला आला होता. जांभळं लोकरी कापड, त्यांनी कुठून कुठून मागवलेलं, मोजून तेवढंच. त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या दिवशी तो घालणार होत्या. आता तुला क्रेनचं कळतं, शिवणकामाचं नाही, म्हणून सांगते. बाह्या कापताना कापडाची घडी घालायची, सुलटी बाजू आत, सुलट्याला सुलटी चिकटवून. मग एकदा कात्री चालवली की एक डावी आणि एक उजवी बाही आपोआप निघते. घडी उलगडून एकेक बाही कापलीस तर दुसऱ्या वेळी बाहीच्या मापाचा कागद उलटा ठेवायचा. नाही ठेवलास तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. शिकाऊ पोरी पहिल्या महिन्यात ही चूक करतात. मी तेव्हा वीस वर्षं कापत होते.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांतच माझ्या अंगात काहीतरी पेटायला लागलं होतं. छातीपासून निघायचं आणि कानांपर्यंत जायचं, जणू कुणी आतून इस्त्री फिरवतंय. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी मोरीत जाऊन नळाखाली डोकं धरायचे. बाहेर आल्यावर सांगायचे, केस धुतले. दिवसातून चारदा कोण केस धुतं. आजोबा कागदाच्या मापाने वारा घालायचे, तो मोठा कोटाच्या पाठीचा कागद, आणि विचारायचे, बरं वाटतंय का, आणि मी त्यांच्यावर खेकसायचे. झोप मोडकी. आणि डोकं, टिटवे, डोक्यात कापूस. कात्री हातात धरून मी कात्री शोधायचे. ‘बक्कल’ हा शब्द मला एकदा अख्खा दिवस सापडला नाही. एकदा सुईत दोरा जाईना म्हणून रडत बसले.

डॉक्टरांनी पोटाच्या टाक्यांबद्दल सगळं सांगितलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मी वेडी होत चाललेय. आणि वेडी होतेय असं कुणाला सांगायचं. त्यात गल्लीभर माझं कौतुक चाललेलं, बघा, आठव्या दिवशी मशीनवर. झाकली मूठ मी झाकूनच ठेवली.

दहाव्या दिवशी मी तो कोट कापायला घेतला. घडी बरोबर घातलेली होती. मला वाटलं घडीवर बाहीचा कागद बसत नाहीये, म्हणून मी घडी उलगडली. एक बाही कापली. अंगातून ती इस्त्री फिरली, मी डोकं भिजवून आले आणि दुसरी कापली. कागद तसाच ठेवून.

संध्याकाळी जोडायला घेतल्या तेव्हा कळलं. दोन डाव्या बाह्या. कापड संपलेलं. आणि नेमक्या मोठ्या बाई दारात, कोट कसा झालाय बघायला.

इथे पत्र संपवावं असं मला फार वाटतंय. तीन वेळा उठले. खिडकी पुसली, ती स्वच्छच होती.

घडी घातली होती तुझ्या आईने. ती तेव्हा अठरा वर्षांची. तुझ्या आईचा हात कापडाला किती चांगला होता ते तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगायचं काम माझं होतं. मावशीला बटण लावता येत नाही, पण तुझी आई नुसतं बोटांनी चाचपून आडवं-उभं सूत ओळखायची. दुकानाच्या पाटीवर दोघींचं नाव घालायचं असं आमचं ठरलं होतं. रंगाचा डबाही आणला होता.

मी मोठ्या बाईंसमोर म्हटलं, माझ्या मुलीने घडी चुकीची घातली.

तुझी आई म्हणाली, आई, मी बरोबर घातली होती. एकदाच म्हणाली. मी म्हटलं, वीस वर्षं मी कापतेय की तू. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण गप्प उभं राहिलं. मोठ्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, असू दे, बिनबाह्यांचं जाकीट करा. तेच केलं. त्यांना ते शोभलंही.

तुझी आई पुढच्या महिन्यात टपाल कचेरीत लागली. परत कधी कात्रीला हात लावला नाही. तुझ्या शाळेच्या गणवेशाची शिवण उसवली की माझ्याकडे पाठवायची, म्हणायची, माझा हात कापडाला लागत नाही. तू हे शंभरदा ऐकलंयस. मी हजारदा ऐकलंय आणि दर वेळी मान खाली घालून शिवण घातलीय.

त्या दोन्ही बाह्या बटणांच्या डब्यात तळाशी आहेत. चाळीस वर्षं आहेत. या पाकिटात घालून पाठवतेय. जाडजूड झालंय, पोस्टमनबाई विचारतील, सांगेन, लोकर आहे. टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि कडेला जोडाच्या खुणेसाठी मारलेल्या खाचा बघ, दोन्हींच्या एकाच बाजूला आहेत. तुझ्या कामाला लागेल म्हणून पाठवतेय. तू वर बसतेस, खाली माणसं चालतात. माझ्यासारखं आठव्या दिवशी मशीनवर बसलं तर फार तर कापड वाया जातं. तुझ्या हातात कापड नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर परत खोटं होईल. ते कायमचं राहिलं नाही. वर्ष-सव्वा वर्षाने इस्त्री गार होत गेली. कापूस गेला. हाडं दुखायची, ती मी रोज चालायला लागले तशी कमी झाली. नंतर मी अडीच-तीनशे कोट शिवले असतील, एकाची बाही चुकली नाही. मी त्या ऑपरेशनमुळे जगले आणि चांगली जगले. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. सुई घेतलीस तरी हार्मोन बंदच होणार, म्हणजे ही इस्त्री तिकडेही फिरणार, असं मला वाटतं. ते डॉक्टरीणबाईंना विचार, आणि त्यावर काय उपाय असतात तेही. मला चाळीस वर्षांपूर्वीचं कळतं, त्यांना आजचं.

मी एवढंच सांगू शकते की आमच्या कामात कोणतंही कापड थेट पक्कं शिवत नाहीत. आधी धावदोरा घालायचा, कच्चं शिवायचं आणि अंगावर घालून बघायला सांगायचं. हात वर करा, खाली वाका, खुर्चीत बसा, मग बोला. काखेत टोचतंय ते उभं राहून आरशात कळत नाही. मग एकतर दोरा ओढून टाकायचा, नाहीतर पक्की शिलाई. तुला घाई डॉक्टरीणबाईंची आहे की मुकादमाची, ते एकदा बघ.

निर्णय तुझा. पण माझ्या आठव्या दिवसावर तो उभा करू नकोस.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव. मी सांगायला हवं ते मला माहीत आहे. फोन लावायला दोनदा घेतला आणि दोनदा हवापाण्याचं बोलले.

आजी


शनिवार, ५ जुलै

माझ्या लाडक्या टिटवीला,

अनेक अनेक आशीर्वाद, आणि या वेळी गुडघेही बरे आहेत.

तुझं पत्र मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं सगळं मला कुणी का सांगितलं नाही. मी म्हटलं, तू विचारत नाहीस, सांगतेस. ती दोन तास बोलली नाही. घरात इतकी शांतता होती की मला वाटलं माझे कान गेले.

चार सुया झाल्या तुझ्या. तू लिहिलंस की दुसऱ्या सुईनंतर इस्त्री फिरायला लागली आणि तिसरीनंतर तुला ‘दोरखंड’ शब्द आठवेना, वायरलेसवर ‘ते जाडं लांब’ म्हणालीस आणि खालची सगळी माणसं हसली. मीही हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले. बरं झालं तेव्हा तू स्वतःहून खाली उतरून नोंदींच्या टेबलावर बसली होतीस. डॉक्टरीणबाईंनी झोपेसाठी काही दिलं, व्यायाम सांगितला, हाडांची तपासणी लावली, आणि आता चौथीनंतर डोकं पुष्कळ निवळलंय म्हणतेस. हे सगळं मला कुणी दिलं असतं तर त्या मोठ्या बाई निरोपाला बाह्यांसकट गेल्या असत्या.

खरं सांगू, मला वाटलं होतं तू सुईवरच राहशील. माझ्या मनात तेच होतं, लिहिलं नव्हतं एवढंच. आणि तू लिहितेस की आता ऑपरेशन करणार, दहा तारखेला, पाचवी सुई होती त्याच दिवशी. ते वाक्य मी चष्मा पुसून परत वाचलं. ‘आजी, तू आठव्या दिवशी बसलीस म्हणून नाही. दहाव्या दिवशी चुकलीस आणि तरी पुढे तीनशे कोट शिवलेस म्हणून. शिवाय कच्चं घालून बघितलं, टोचतं कुठे ते कळलं, सोसवतंय. आता दर महिन्याला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही.’

तू हात वर केलास, खाली वाकलीस, बसलीस आणि मग बोललीस. मुकादमाला दोन महिने जमिनीवरचं काम लिहून मागितलंस आणि त्याने दिलं, म्हणजे त्याची किडनी शाबूत आहे. टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात, आमची टिटवी मुकादमही आटवते.

आता एक बातमी आहे, ती शेवटी ठेवली होती.

तुझी आई गेल्या रविवारी आली. तू मार्चमध्ये पत्र वाचून दाखवल्यापासून ती फोनवर बोलायची, बरी आहेस ना, बरी आहे, एवढंच. मीही विचारलं नाही. रविवारी आली ती सरळ टेबलाशी बसली आणि पिशवीतून त्या दोन बाह्या काढून समोर ठेवल्या. मावशी म्हणाली, हे काय. मी म्हटलं, तू जरा भाजी आणायला जा. ती म्हणाली, भाजी आहे घरात. मी म्हटलं, आणखी आण.

तुझी आई अठ्ठावन्न वर्षांची आहे, टिटवे. केस माझ्यापेक्षा पांढरे. बोट त्या खाचांवरून फिरवत बसली होती. मग म्हणाली, आई, मी घडी बरोबर घातली होती ना.

मी म्हटलं, बरोबर घातली होतीस.

ती म्हणाली, मला कधी कधी वाटायचं, माझंच चुकलं असेल.

मी म्हटलं, चुकलं माझं. दोनदा चुकलं, एकदा कापताना, एकदा बोलताना.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग मशीनकडे बघून म्हणाली, याला तेल कधी घातलंयस. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात. ती म्हणाली, वाटत नाही. आणि उठून तेलाची कुपी शोधायला लागली. चुकीच्या खणात शोधत होती, चाळीस वर्षांपूर्वीच्या. मीच कुपी त्या खणात नेऊन ठेवायला हवी होती असं वाटलं.

तुझ्यासाठी एक झगा शिवायचा मी ठरवलं होतं, ऑपरेशननंतर घालायला. समोरून पूर्ण उघडणारा, पोटाला काही टोचणार नाही असा सैल, मऊ सुती कापडाचा. माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून कापड तसंच पडून होतं. तुझ्या आईने ते उचललं, बोटांनी चाचपलं, टेबलावर पसरलं. सुलट्याला सुलटी चिकटवून घडी घातली, हाताने सारखी केली आणि बाजूला उभी राहिली. म्हणाली, बाह्यांचा कागद ठेव.

मी कागद ठेवला आणि कात्री घेतली. घडी उलगडून बघितली नाही.

झगा या पार्सलात आहे. शिलाई निम्मी तिची, निम्मी माझी, कुठली कुणाची ते ओळखू येतं, वाकडी ती माझी. मावशीने बटणं लावायचा हट्ट धरला, तीन लावली, दोन मी परत लावली. मी बुधवारी येतेय, उशी घेऊन, तुझ्या आईबरोबर. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर असू. आठव्या दिवशी तुला काही करायचं नाहीये. दहाव्या दिवशीही नाही.

झगा घालून बघ. हात वर कर, खाली वाक, बस. आणि बाह्या तपासून घे. एक डावी आहे, एक उजवी.

तुझी,
आठव्या दिवशी बसलेली आणि दहाव्या दिवशी चुकलेली
आजी